कुलूप काढलेलं मैदान: आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि नागरी हक्क शिकवणारं क्रीडांगण कसं रचावं

अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात केली इनग्राम पार्क आहे. तिथल्या एका पायवाटेच्या दोन्ही बाजूंना भिंती आहेत आणि त्या भिंतींतून पोलिसी कुत्रे वाटेवर झेपावताना दाखवले आहेत, धातूचे, जबडे उघडलेले. शिल्पकार जेम्स ड्रेक. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही त्या वाटेने गेलो. तिथे मोठ्या माणसांची पावलं आपोआप मंदावतात, बोलणं थांबतं. ती मात्र एका कुत्र्यापाशी थांबली, तिने त्याच्या जबड्यात हात घातला, दात मोजले आणि मला विचारलं, "आई, याच्यावर बसू?"

शिल्पात काहीच उणं नाही. ते आपलं काम चोख करतं, पण मोठ्यांसाठी. मुलाला धातूचा प्राणी दिसला की त्यावर चढावंसं वाटणारच. अमेरिकेतल्या उद्यानांच्या आराखड्यांवर काम करताना मी हा प्रसंग कायम जवळ ठेवते. क्रीडांगणातून इतिहास शिकवायचा तर मुलाच्या हातापायांना काय करावंसं वाटेल, हे आधी ठरवावं लागतं. फलक आणि पुतळे नंतर.

हा लेख त्या कामाचा, पायरीपायरीने. अमेरिकेतल्या अनेक शहरांत मराठी माणसं आता वस्तीच्या पार्क समितीवर बसतात, शाळेच्या पालक मंडळात असतात, वास्तुरचना शिकतात. त्यांना उपयोग होईल अशा बेताने लिहिते आहे.

आधी एवढं माहीत असू द्या

क्रीडांगण हा या इतिहासातला बाहेरून आणलेला विषय नाही. गोऱ्यांसाठी राखलेली उद्यानं आणि तलाव सगळ्यांना खुले करण्याची मागणी कोर्टात पोचली, तेव्हा अलाबामातल्याच मॉन्टगोमेरी शहराने १९५९ च्या पहिल्या दिवशी आपली सगळी सार्वजनिक उद्यानं बंद केली. ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव बुजवला. उद्यानं पुन्हा उघडली ती १९६५ मध्ये. बर्मिंगहॅमनेही १९६२ च्या सुरुवातीला तेच केलं. काळ्या मुलांबरोबर खेळण्यापेक्षा आपल्या मुलांनाही खेळू न दिलेलं त्यांना परवडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. तिने टीव्हीवर एका करमणूक बागेची जाहिरात पाहिली होती आणि तिथे तुला जाता येणार नाही, हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळत होती.

त्यानंतर काही दिवसांनी, २ मे १९६३ ला, बर्मिंगहॅमची हजाराहून अधिक मुलं शाळा सोडून सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमली आणि गटागटाने गात बाहेर पडली. समोरच केली इनग्राम पार्क. दुसऱ्या दिवशी मुलांवर आगीच्या बंबांचं पाणी आणि कुत्रे सोडले गेले. तुरुंग भरले. म्हणजे या लढ्यात मुलं नुसती बघत उभी नव्हती, लढ्याचा एक मोठा टप्पा त्यांनीच पार पाडला. आपल्या मैदानाने मुलांना सांगायची गोष्ट हीच: तुझ्याएवढ्या मुलांनी हे केलं.

पायरी पहिली: जमिनीचा सातबारा काढा

सातबारा हा शब्द इकडचा नाही, पण भाव तोच. जागा ठरली की रेघ ओढण्याआधी त्या जागेवर पूर्वी काय होतं ते शोधा. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्या जमिनीवर आहे तिथल्या एका भागात सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. सुमारे सव्वादोनशे लोक, त्यातले दोन तृतीयांश काळे, स्वतःच्या मालकीची घरं, चर्च, शाळा. उद्यानासाठी ती १८५७ मध्ये उठवली. त्याच शहरात १९९१ मध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन माणसांची जुनी दफनभूमी निघाली. तुमच्या जागेखाली नोंद नसलेल्या कबरी असतील, तर घसरगुंडीचा पाया खणण्याआधी ते कळायला हवं.

शोधायचं कुठे? विमा कंपन्यांसाठी काढलेले जुने सॅनबोर्न नकाशे बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांच्या वस्त्यांना प्रतवारी देणारे नकाशे काढले गेले. त्यात काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोक्याच्या' ठरवल्या. रिचमंड विद्यापीठाने ते इंटरनेटवर खुले केले आहेत. हमरस्ता कुठून गेला तेही पाहा. सेंट पॉलमधला रोंडो, मायामीतलं ओव्हरटाउन, न्यू ऑर्लिन्सचा क्लेबोर्न अव्हेन्यू, या भरल्या वस्त्या आंतरराज्य महामार्गांनी चिरल्या. पुष्कळ क्रीडांगणं अशा महामार्गांच्या कडेला उरलेल्या तुकड्यांवर येतात. तसं असेल तर तीच तुमची पहिली गोष्ट आहे, आणि ती तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असते.

पायरी दुसरी: माणसांकडे जा, त्यांना बोलावू नका

पालिकेच्या सभागृहात दुपारी दोनची सभा ठेवली की तिथे नोकरदार आई येत नाही, आणि ज्यांनी त्या इमारतीच्या दारातून परत फिरण्याचा अनुभव घेतला ते आजोबाही येत नाहीत. संध्याकाळी जा, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जा, जेवण ठेवा, मुलं सांभाळायला दोन माणसं ठेवा. बर्मिंगहॅम आणि सेल्मामध्ये मोर्च्यात चाललेल्या सामान्य माणसांना 'फुट सोल्जर' म्हणतात. १९६३ मध्ये दहा वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आठवणी ध्वनिमुद्रित करताना लेखी संमती घ्या, ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांच्या घरी पोचवा आणि वेळेचे पैसे द्या. आराखडा काढणाऱ्याला पैसे मिळतात, मग ज्याच्या आयुष्यावर आराखडा उभा आहे त्याला का नाही? हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच वेगळा दाखवा, नाहीतर नंतर तो कुठूनच निघत नाही.

मुलांची सभा वेगळी घ्या. त्यांना "तुम्हाला काय हवं" विचारलं तर सगळी पोहण्याचा तलाव सांगतात. माती, काड्या आणि पुठ्ठे द्या, आणि एखादी खरी गोष्ट सांगून "आता ही जागा बनवा" म्हणा. एका बैठकीत सात वर्षांच्या एका मुलाने मॉन्टगोमेरीची बस बनवली आणि तिला सगळ्या बाजूंनी दारं ठेवली. एवढी दारं कशाला, विचारलं तर म्हणाला, "म्हणजे कोणी मागच्याच दाराने जा म्हणणार नाही." पुढच्या आराखड्यात बसला चार दारं आली.

पायरी तिसरी: गोष्टीतलं क्रियापद शोधा

इथे बहुतेक प्रकल्प घसरतात. समिती थोर व्यक्तींची यादी करते, प्रत्येकाचा एक फलक, आणि मधे दुकानातून आणलेली घसरगुंडी. मुलं फलकांना वळसा घालून घसरगुंडीवर जातात.

त्याऐवजी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: यात मुलाने करण्यासारखं क्रियापद कोणतं? चालणं, बसून राहणं, गाणं, रांधणं, शिवणं, मोजणं, मत देणं. क्रियापद सापडलं तर ती गोष्ट मैदानात, नाही तर ती ग्रंथालयात जास्त बरी. चारपाच गोष्टी पुरे.

*चालणं.* बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली. मॉन्टगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. मैदानाभोवती ३८१ फुटांची वाट करा आणि दर फुटाला जमिनीशी सपाट बसवलेली पितळी चकती, म्हणजे एक दिवस. लहान मूल दहापर्यंत मोजतं, मोठं शंभरापर्यंत, आणि एखादं जिद्दीने पूर्ण फेरी मोजतं. वाटेची रुंदी किमान पाच फूट. सुरुवातीच्या जरा आधी एक वेगळी चकती क्लॉडेट कोल्विनसाठी. त्याच शहरात, नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, बसमधली जागा सोडायला नकार दिला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मुलं रोझा पार्क्स यांच्यापेक्षा तिच्याशी लवकर जोडली जातात.

*रांधणं.* हा माझा सर्वात आवडता भाग आणि तो जवळजवळ कुणीच करत नाही. जॉर्जिया गिलमोर ही मॉन्टगोमेरीतली स्वयंपाकीण. बहिष्कार चालू असताना किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली. तिने आणि मैत्रिणींनी घरी केक, 'पाय' नावाचा गोड पदार्थ, सँडविच करून विकले आणि ते पैसे बहिष्काराच्या काळात लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी दिले. पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर, कुठूनच नाही. म्हणून त्यांच्या मंडळाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मातीची भातुकली मांडा: ओटा, पातेली, ओली माती, वाळू, खिडकीसारखा विक्रीचा कट्टा, आणि पलीकडे उभी असलेली लाकडी मोटार. मुलं आपणहून केक करतात, विकतात, मोटारीत बसतात. गोष्ट सांगायला मोठं माणूस नंतर येतं, तेव्हा खेळ आधीच तिच्यासारखा झालेला असतो.

*बसून राहणं.* नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबोरोत १ फेब्रुवारी १९६० ला चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या गोऱ्यांपुरत्या जेवणाच्या काउंटरवर बसले आणि वाढायला नकार मिळाल्यावरही उठले नाहीत. त्या दुकानाचं काउंटर जुलै अखेरीस सगळ्यांना खुलं झालं. मैदानात एक लांब, नागमोडी काउंटर ठेवा, वेगवेगळ्या उंचीच्या बैठकी, आणि दोनतीन जागा बैठकीशिवाय, खाली गुडघे मावतील अशा, व्हीलचेअरसाठी. डबे तिथेच खाल्ले जातात. या काउंटरला दुसरी बाजू देऊ नका. नकार देणाऱ्याची जागा आपल्या मैदानात नको.

*पूल ओलांडणं.* अलाबामातल्या सेल्माचा एडमंड पेटस पूल मधे उंच आहे. मतदानाच्या हक्कासाठी ७ मार्च १९६५ ला मोर्च्याने निघालेल्या सुमारे सहाशे लोकांना पलीकडे उभे असलेले पोलीस पुलाच्या माथ्यावर पोचल्यावरच दिसले. त्यांत आठ वर्षांची शेयन वेब होती. क्रीडांगणातले पूल सहसा एका मुलापुरते अरुंद असतात. हा इतका रुंद करा की चार मुलं हात धरून चालतील, आणि मधे उंच ठेवा, म्हणजे पलीकडचं काही माथ्यावरूनच दिसेल. पलीकडे मतपेटी. खरी. मुलांनी टोकन टाकून ठरवायचं: पुढच्या वर्षी झोपाळ्यांचा रंग कोणता, कोणतं झाड लावायचं. मोठ्यांना मत नाही. निकाल लागला की तसंच करायचं, आणि पालिकेकडून हे लेखी घ्यायचं, कारण न पाळलेलं मतदान मुलांना भलतंच शिकवेल.

*शिवणं.* अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या आता संग्रहालयांत टांगलेल्या असतात. जुने पँट, पीठाच्या गोणी, उरलेले तुकडे. आपल्या वाकळीला जी माया असते तीच. हे लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ लागल्यावर १९६२ मध्ये त्यांची नदीतली फेरीबोट बंद केली गेली. ती २००६ मध्ये परत सुरू झाली. मैदानाची रबरी फरशी अशा गोधडीसारखी तुकड्यांची करता येते. मात्र ठरावीक नमुना कुणाचा तरी असतो, तर विचारून, नाव देऊन, मोबदला देऊन. आणि दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवा: गुलामीतून पळणाऱ्यांना वाट दाखवायला गोधड्यांवर गुप्त खुणा असत, ही लोकप्रिय कथा इतिहासाचे अभ्यासक पुराव्याअभावी मानत नाहीत. फलकावर ती घालू नका.

*वाजवणं आणि उड्या मारणं.* साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये स्टोनोचा उठाव झाला. त्यानंतर १७४० च्या कायद्याने गुलाम केलेल्या माणसांच्या ढोल वाजवण्यावर बंदी आली. मैदानात मोठे ढोल ठेवण्याला याहून चांगलं कारण नाही. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून ते रस्त्याच्या बाजूला ठेवा. आणि वीस फूट लांबरुंद गुळगुळीत मोकळी फरशी सोडा, दोन दोऱ्या उलटसुलट फिरवून मधे उड्या मारायच्या 'डबल डच'साठी. हा खेळ काळ्या मुलींनी रस्त्यावर वाढवला. मोकळी जागा सोडायला समितीला जड जातं, तरी सोडा. सगळा इतिहास लढ्याचाच नसतो. त्यात मजा, चढाओढ, ताल, हेही आहे, आणि ज्या मुलाने फक्त दुःखच ऐकलं त्याला आपल्या माणसांबद्दल फक्त कीव शिकवली जाते.

पाण्याचं काय करायचं

या पायरीला वेळ द्या. उन्हाळ्यात दक्षिणेत पाण्याशिवाय क्रीडांगण ओस पडतं, म्हणून कारंजी हवीतच. पण याच इतिहासात पाणी शस्त्र होतं. बर्मिंगहॅमच्या मुलांना बंबाच्या माऱ्याने रस्त्यावर लोळवलं. १९१९ च्या जुलैत शिकागोत सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स मिशिगन सरोवरात तरंगत गोऱ्यांच्या हद्दीजवळ गेला, दगडफेक झाली, तो बुडाला आणि शहरात दंगल पेटली. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये १८ जून १९६४ ला काळे आणि गोरे आंदोलक मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात ॲसिड ओतलं.

त्यामुळे माझे नियम असे. नेम धरून मारा करता येईल अशी पिचकारी किंवा नळीचं तोंड नको. बाजारातल्या तयार संचांत अग्निशामक नळीच्या आकाराची खेळणी हमखास असतात, ती पहिल्याच बैठकीत काढून टाका. पाणी जमिनीतून वर यावं, मंद दाबाने, आणि त्याचं बटण मुलाच्या हाती असावं. पाच पौंडांहून जास्त जोर लागू नये, व्हीलचेअरवरून हात पोचावा. पाणी सुरू करणारं मूल आणि थांबवणारंही मूलच. पाणी फिरवून वापरणार असाल तर आरोग्य खात्याची मंजुरी आराखड्याच्या टप्प्यातच मिळवा, नंतर फोडाफोडी महाग पडते.

आता पिण्याचं पाणी. मी ज्या एका समितीत होते तिथे कुणीतरी अगदी चांगल्या हेतूने सुचवलं की 'गोरे' आणि 'काळे' अशा पाट्यांचे दोन नळ लावू, म्हणजे मुलांना तेव्हा कसं होतं ते कळेल. खोलीत मागच्या बाकावर बसलेल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "माझ्या नातवाला तहान लागली तर त्याने कुठल्या नळाला जायचं?" आणि खाली बसल्या. तो मुद्दा तिथेच संपला.

पण एक बारीक गोष्ट तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही. अपंगांसाठीच्या नियमांनुसार नळ दोन उंचीचे लागतात: एकाचं तोंड जमिनीपासून ३६ इंचांच्या आत, दुसऱ्याचं ३८ ते ४३ इंचांवर. बाजारात ते शेजारीशेजारी, एक उंच एक बुटका, असे येतात. चित्र थेट गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या नळांच्या जुन्या छायाचित्रांसारखं दिसतं. बसवल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दाखवलं तेव्हा आम्ही हादरलो. आता मी एकाच दगडी खांबातून, फांद्यांसारख्या वेगवेगळ्या उंचीवर निघणारी चार तोंडं काढते, आतला पाइप एकच, आणि तो काचेच्या झरोक्यातून दिसतो. मराठी माणसाला यासाठी वेगळं समजावावं लागत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी पिण्यात काय होतं, ते आपण जाणतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. ही ओळख जुनी आहे. समितीत बोलताना मात्र ती आपली जागा मागण्यासाठी वापरू नका. तिथे आपण मदतीला आहोत.

काय अजिबात नको

गुलाम केलेली माणसं आणणाऱ्या जहाजाच्या तळाचा बोगदा नको. साखळ्या नकोत. कापूस वेचण्याचा खेळ नको. 'पळणारे' आणि 'पकडणारे' असा लपंडाव नको, मग त्याला हॅरिएट टबमन यांचं नाव दिलं तरी. त्यांनी सुमारे तेरा फेऱ्यांत सत्तरेक माणसं गुलामीतून सोडवली. त्यातलं क्रियापद हवंच असेल तर रात्री वाट ओळखणं घ्या: फरशीत सप्तर्षी कोरा आणि त्यांच्यावरून ध्रुवतारा शोधायला लावा, तो खऱ्या उत्तरेला असू द्या. एका मुलाने दुसऱ्यावर सत्ता गाजवायची, असा कुठलाही खेळ जागेतच घडवलेला नसावा.

मृत्यूचं काय? १५ सप्टेंबर १९६३ ला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी त्याच सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन चौदा वर्षांच्या, डेनिस मॅकनेर अकराची. अशी गोष्ट दडवू नये, पण झोपाळ्याशेजारीही नको. मैदानाच्या कडेला, झाडाखाली, चार जणांचं एक बाक, त्यावर नावं आणि वयं. मूल विचारेल तेव्हा सांगणारं माणूस जवळ बसलेलं असेल.

फलक: थोडे, खरे, कर्त्यासकट

एका फलकावर चाळीस शब्दांपेक्षा जास्त नकोत. मध्य जमिनीपासून अडीच फुटांवर, तिरका, ब्रेलसह, आणि वस्तीत बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या भाषेत. वय आवर्जून लिहा: 'रूबी ब्रिजेस, ६ वर्षं, न्यू ऑर्लिन्स, १४ नोव्हेंबर १९६०. फेडरल मार्शलांच्या सोबतीने शाळेत गेली.' सहा हा आकडा सहा वर्षांच्या वाचकाला थांबवतो.

वाक्याला कर्ता द्या. 'मुलांवर पाणी सोडण्यात आलं' हे वाक्य कुणालाच जबाबदार धरत नाही. 'शहराच्या सुरक्षा आयुक्ताने हुकूम दिला आणि बंबवाल्यांनी मुलांवर पाणी सोडलं' हे धरतं. 'गुलाम' ऐवजी 'गुलाम केलेली माणसं' असं लिहिणं इकडे रूढ होतं आहे. तो फरक मुलांना सहज कळतो.

किंग यांचे शब्द किंवा चेहरा वापरणार असाल तर त्यांच्या वारसांच्या संस्थेची परवानगी लागते आणि त्याला पैसे पडतात. वॉशिंग्टनच्या स्मारकासाठीही द्यावे लागले. स्थानिक माणसांची वाक्यं, त्यांच्या संमतीने, मला जास्त बरी वाटतात.

सुरक्षा आणि प्रवेश

हा भाग रुक्ष आहे, पण चुकला तर मूल पडतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची क्रीडांगण पुस्तिका हाताशी ठेवा. डोकं अडकू नये म्हणून साडेतीन ते नऊ इंचांची फट कुठेच नको. शिल्पकाराने बनवलेल्या वस्तूंत ही चूक हमखास निघते, कारण त्याला हा नियम कुणी सांगितलेलाच नसतो. खेळणीभोवती सहा फूट मोकळं. झोपाळ्याच्या पुढेमागे दांडीच्या उंचीच्या दुप्पट. लाकडी ढलप्या दबून नऊ इंच राहायला हव्यात, म्हणून घालताना बारा. दोन ते पाच आणि पाच ते बारा या वयांच्या जागा वेगळ्या. कांस्य आणि काळं रबर अलाबामाच्या दुपारी भाजतं, म्हणून सावली आधी आखा, शिल्प नंतर ठेवा. उद्घाटनाआधी प्रमाणित तपासनीसाकडून तपासून घ्या.

प्रवेशाचा विषय या मैदानात परिशिष्टात ढकलता येणार नाही, कारण तोही नागरी हक्कच आहे. १२ मार्च १९९० ला अपंग आंदोलक वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची जेनिफर कीलन होती. त्याच वर्षी कायदा झाला. जमिनीवरच्या वाटेचा उतार १६ ला १ पेक्षा जास्त नको, चढावाच्या खेळण्यांवरचा १२ ला १. उंचावरची खेळणी वीस किंवा जास्त असतील तर नियमाने किमान पाव खेळणी रॅम्पने जोडावी लागतात. सेल्माचा पूल मात्र पूर्ण रॅम्पचाच करा. तो बाजूच्या वाटेने 'ओलांडायला' सांगणं शोभत नाही.

विरोध होईल, तोडफोड होईल

मिसिसिपीत टॅलाहॅची नदीकाठी खून झालेल्या एमेट टिल या काळ्या मुलाचा मृतदेह जिथे काढला, तिथल्या स्मृतिफलकावर वारंवार गोळ्या झाडल्या गेल्या. २०१९ मध्ये तिथे गोळी न शिरणारा जाड फलक लावावा लागला. म्हणून प्रत्येक फलकाची दुसरी प्रत करून गोदामात ठेवा, बदलण्याची मुदत ठरवा, तोडलेला फलक पुरावा म्हणून कोण जपेल तेही ठरवा. २०२१ पासून अनेक राज्यांनी शाळेत वंशभेद कसा शिकवावा यावर बंधनं घातली आहेत. पालिकेचं मैदान म्हणजे शाळा नव्हे, तरी सभेत प्रश्न येतो. प्रत्येक वाक्यामागचं कागदपत्र एका फायलीत तयार ठेवा आणि शांतपणे पुढे करा.

याहून अवघड प्रश्न भाड्याचा. छान मैदान झालं की आसपासची घरं महागतात आणि ज्यांच्यासाठी ते केलं तीच कुटुंबं निघून जातात. आराखडा करणाऱ्याच्या हातात हे फारसं नसतं. तरी पालिकेच्या गृहनिर्माण खात्याला पहिल्या बैठकीपासून खोलीत बसवा आणि वस्तीच्या संघटनेने त्यांच्याकडून काय हवं ते कामाचे पैसे मंजूर होण्याआधी मागावं.

उघडल्यानंतर

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन तास बाकावर बसा आणि फक्त टिपा: कोण काय करतं, कशाला वळसा घालतं, आजी कुठे टेकतात. एका ठिकाणी मुलं भातुकलीपासून मतपेटीपर्यंत झुडपांतून धावत जात. माळ्याने तिथे दोनदा तार लावली आणि मुलांनी दोनदा वाकवली. शेवटी तार काढून तिथे वाट केली. दरवर्षी मतमोजणीसाठी २ मे धरला, शाळा सुटल्यावर साडेतीनला. पहिल्या वर्षी झोपाळ्यांना जांभळा रंग जिंकला, चार मतांनी. पिवळ्याच्या बाजूची एक मुलगी फेरमोजणी मागत होती. ती करून दाखवली.